गुरुजींचा सुविचार

"माझा शब्द न् शब्द फळ्यावर लिहून ठेवावा असा असतो," ही नलवडे गुरुजींची बढाई अख्ख्या गावाला पाठ होती.

याच गुरुजींनी गणित चुकलं म्हणून मंजुळेला भर वर्गात म्हटलं, "पांढऱ्या पायाची कुठली. थोरल्या भावाला गिळलंस, आता शाळा गिळ." तिचा थोरला भाऊ विहिरीत बुडून महिनाही झाला नव्हता. मंजुळेनं दप्तर कोनाड्यात टाकलं आणि शाळेचं नाव काढणंच सोडलं.

थोरल्याच्या पाठचा सर्जा, दुसरीतच शाळा सुटलेला. ऐकताच त्यानं काठी उचलली, मग ठेवली आणि बहिणीचा हात धरला. "चल. शाळा तुझीपण आहे."

परिपाठाला रोज फळ्यावर सुविचार लिहायचा, खाली सांगणाऱ्याचं नाव घालायचं आणि सगळ्या शाळेनं तो मोठ्यानं म्हणायचा, अशी तिथली रीत. सर्जानं खडू घेऊन वाकड्यातिकड्या अक्षरांत गुरुजींचं तेच बोलणं लिहिलं. खाली लिहिलं, 'नलवडे गुरुजी'.

मुलं तोंड उघडणार तोच गुरुजींनी धावत येऊन बाहीनंच फळा पुसला. "अक्कल आहे का? असलं मुलांच्या तोंडी घालतात?"

"मुलांच्या तोंडी शोभत नाही, ते गुरुजींच्या तोंडी कसं शोभलं?"

गुरुजी पुटपुटले, "पुसलं ना आता. बस पोरी वर्गात."

"फळ्यावरचं पुसलंत," सर्जा म्हणाला, "हिच्या मनावरचं राहिलंय. तिथं बाही पोचत नाही. तोंडानं लिहिलंत, तोंडानंच पुसा."

गुरुजींनी मुलांच्या रांगेकडे पाहिलं. मान खाली गेली. "चुकलो, बाळ."

तेव्हा कुठं सर्जानं बहिणीचा हात सोडला.