पाचव्या पेटीचा पंच

“आणि त्याच्या आधी ते कोणाजवळ होते?”

दयार्णवबुवांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. प्रश्न एका पिस्तुलाविषयी होता.

विश्राम कोठावळे मठाच्या ओसरीवर ताठ बसला होता. लहानपणी याच ओसरीवर बुवांनी त्याचा हात धरून अक्षरे गिरवून घेतली होती. आता तो पोलीस निरीक्षक होता आणि बसस्थानकावरील हल्ल्याचा तपास त्याच्याकडे होता. त्या हल्ल्यात चौदा माणसे गेली. मारेकरीही मारला गेला. मागे उरले ते त्याच्या हातातील पिस्तूल.

“त्याच्या आधी एका ट्रकचालकाजवळ,” विश्राम म्हणाला. “कांद्याच्या गोण्यांखाली लपवून त्याने ते आणले. त्याला देणारा परराज्यातील दलाल. तोही सापडला.”

“पिस्तुलावर क्रमांक असतो ना?”

“कानशीने घासून टाकला होता. परंतु ठसा मारताना घाव लोखंडात खोल जातो, बुवा. वरचे पुसले तरी आतले राहते. तेजाब लावले की आकडे क्षणभर वर येतात. तेवढ्यात वाचावे लागतात.” त्याने मिशीवरून हात फिरवला. “भल्याभल्यांनी हात टेकले होते. मी वाचले.”

“पाटीवरचे वाचताना मात्र रडायचास.”

विश्राम हसला नाही.

“क्रमांक पाठ आहे?”

“झोपेतही सांगेन.”

“आणि त्या चौदांची नावे?”

“ती... फाइलमध्ये आहेत.”

बुवांनी मान हलवली. “बरे. त्या दलालाच्या आधी?”

आवारातील चिंचेवर कावळे ओरडत होते. ते गप्प होईपर्यंत विश्राम थांबला.

“त्याच्या आधी ते कोणाजवळच नव्हते. सरकारी कागदाप्रमाणे ते अकरा वर्षांपूर्वीच वितळले आहे.”

त्याने पिशवीतून एक जुना कागद काढून बुवांच्या हाती दिला. जप्त केलेली दोनशे शस्त्रे, पाच पेट्या, लोखंडाच्या कारखान्यातील भट्टी. सर्व शस्त्रे ‘आमच्या समक्ष’ नष्ट केल्याचा तो पंचनामा होता. खाली शस्त्रागाराच्या कारकुनाची सही होती आणि तिच्या शेजारी पंचाची.

बुवांनी चष्मा लावला. कागद डोळ्यांजवळ धरला, मग दूर धरला.



“सही माझी आहे,” बुवा म्हणाले.

“घाई करू नये, बुवा. तो कारकून, दिगंबर फणसे, तीन वर्षांपूर्वी वारला. त्या पेट्यांतील काही पिस्तुले त्यानेच विकली, हे सिद्ध झाले आहे. आपली खोटी सहीही त्यानेच केली, एवढे आपण एका ओळीत सांगा. मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही. तपास मी तेथे संपवतो.”

“त्याच्या घरी कोण असते?”

“बायको. मुलगी शाळेत शिकवते.”

“म्हणजे नाही म्हणायला दोघी आहेत.”

“त्यांचे ऐकतो कोण?” विश्रामचा आवाज प्रथमच खाली आला. “आणि आपले नाव यात गेले, तर उद्या या दारात कोणी पाय ठेवणार नाही. चौदा प्रेतांचे खापर आपल्या माथी फोडतील. बुवा, हे शोधायला मी निघालो नव्हतो.”

“मग कशाला निघाला होतास?”

“मुळाशी जायला.”

“आणि मुळाच्या अलीकडेच का थांबतोस?”



बुवांनी गुडघ्यांवर हात टेकले. सावकाश ते गादीवरून उतरले आणि त्याच्यासमोर उघड्या फरशीवर येऊन बसले. बुवांना गादीखाली बसलेले विश्रामने आजवर कधी पाहिले नव्हते. तो धडपडून उठू लागला.

“बस,” बुवा म्हणाले. “जबाब लिहून घे. पिस्तुले फणशांनी विकली, ते त्यांच्यापाशी. सही मी केली, ती माझ्यापाशी.”

विश्रामने लेखणी काढली. टोपण उघडले, पुन्हा लावले.

बुवा वाट पाहत राहिले.

अखेर त्याने नाव लिहिले. वय लिहिले. मग कागदावरची दृष्टी न उचलता विचारले, “पाचही पेट्या आपल्या समक्ष भट्टीत गेल्या?”

“चार गेल्या. पाचवी उघडायची राहिली होती. दिवस कलला. फणसे म्हणाले, बुवा, आपली आरती चुकेल. एवढी सही करून निघा, पुढचे मी पाहतो.”

“आपण पेटी उघडायला लावली नाही?”

“नाही.”

“कोणी धाक घातला?”

“धाक कसला? गाडीने मठाच्या दारापर्यंत आणून सोडले. वर पाया पडले.”

लेखणी थांबली. बुडत्याला काडीचा आधार सापडावा तसा विश्रामचा चेहरा झाला.

“बुवा, मग हेच लिहितो. आपण देवाच्या आरतीसाठी गेलात. न्यायाधीशही माणूसच असतो. देवाच्या कामाला गेलेल्या माणसाला कोणी बोल लावणार नाही.”

“तसे लिहू नकोस.”

“मग काय लिहू?”



“देव भट्टीपाशीच थांबला होता. देवळात मी एकटाच होतो.”