रातकिडा मध्येच गप्प का होतो

फार पूर्वी एका बांधाच्या बिळात रातकिडा राहायचा. त्याला शब्दांचा भारी सोस. शेजारी उंदराचं एक पोरकं पिल्लू होतं. त्याने बाहेरचं जग पाहिलंच नव्हतं.

"काका, ऊन कसं असतं हो?" पिल्लाने विचारलं.

उबदार असतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण साधं बोलणं रातकिड्याला कमीपणाचं वाटे.

"ऊन म्हणजे आईची कूस, बाळा," तो म्हणाला आणि स्वतःवरच खूश झाला.

सकाळी पिल्लू बांधावर गेलं आणि उन्हात डोळे मिटून निजलं. घारीची सावली अंगावर पडली, तरी ते हललं नाही. आईच्या कुशीत कोण सावध राहतं? घारीने त्याला उचलून नेलं.

तेव्हापासून जवळ कुणाची चाहूल लागली, की रातकिडा गाता गाता गप्प होतो. ऐकणारा आपलं खरं मानेल, याची त्याला भीती वाटते.