हरिणीची पिवळी कर्णफुले

एका माळाच्या कडेला पळसांचे रान होते. तिथे एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. तिच्या कानांत पिवळ्या हिऱ्यांची दोन कर्णफुले होती. तिला ती आईकडून मिळाली होती. आईकडे कुठून आली, हे मुलांनो, विचारू नका. गोष्टीतल्या हरिणीला कर्णफुले असतात.

त्या वर्षी तळे आटले. पाणी उरले ते खडकाच्या कपारीतल्या झऱ्याला. कपारीच्या तोंडाशी कोल्ह्याचे बीळ होते. वाट अरुंद; कोल्हा आडवा बसला की आत जाणे नाही. पाडसाची जीभ कोरडी पडली, तेव्हा हरिणी कोल्ह्याकडे गेली. "कोल्होबा, ही कर्णफुलं घ्या आणि उन्हाळाभर आम्हाला पाणी पिऊ द्या."

कोल्हा पूर्वी गावात एका सराफाच्या ओट्याखाली राहिला होता. तिथले बोलणे त्याला पाठ होते. त्याने एक कर्णफूल पंज्यात धरले, एक डोळा मिटला आणि मान हलवली. "रंग पिवळट. पाणी उतरलेलं. पैलू बोथट. आत डाग."

"म्हणजे काय?"

"ताई, हे जाणकारांचं बोलणं. गवत खाणारीनं गवत खावं. एकाचे चार दिवस, दोन्हींचे आठ. पटत असेल तर बघ."

हरिणी ओशाळली. तिने पुन्हा विचारले नाही. इथे ती चुकली. पण आईची आठवण म्हणून एक कर्णफूल तिने कानातच ठेवले आणि एक दिले.

चौथ्या दिवशी पाणी पिऊन परतताना तिला वाघिणीचा वास आला. पाडसाला घेऊन ती झुडपाआड दबली. पलीकडे कोल्हा वाघिणीसमोर तेच कर्णफूल धरून उभा होता. "बाईसाहेब, रंग बघा, केशरासारखा! पाणी असं की उन्हानं लाजावं. पैलू धारदार. आत डाग शोधून सापडायचा नाही. तुमच्या शिकारीतला रोजचा एक वाटा दिलात तरी पुरे."

वाघीण म्हणाली, "एकच? मला कान किती दिसतात तुला?"

"दुसरं उद्या आणतो."

"उद्या सूर्य मावळायच्या आत आण. नाहीतर जोड तुझ्या कानांची करीन."

दुसऱ्या दिवशी कोल्हा धापा टाकत हरिणीकडे आला. "ताई, ते दुसरं दे. आठ दिवस पी."

"नको हो. रंग पिवळट आहे."

"वीस दिवस!"

"पाणी उतरलेलं. पैलू बोथट. तुमच्यासारख्या जाणकाराला असलं दिलं तर मला पाप लागेल."

"सगळा उन्हाळा पी!"

"आत डाग आहे, कोल्होबा."

मावळतीचे ऊन पळसांच्या शेंड्यांवर चढले. कोल्ह्याने एकदा मागे पाहिले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच सांगा काय हवं ते."

"आधी त्या शब्दांचा अर्थ सांगा."

त्याने सांगितला. पाणी म्हणजे हिऱ्याची चमक. पैलू म्हणजे घासून काढलेल्या बाजू. पांढऱ्या हिऱ्यात पिवळी झाक आली तर तो पिवळट, म्हणून हलका. पण हिरा मुळातच गडद पिवळा असेल, तर तो लाखात एखादा.

"आणि माझा?"

कोल्हा जमिनीकडे बघत राहिला. "गडद."

"तर मग बीळ सोडा. कायमचं. झरा ज्याला तहान लागेल त्याचा."

कोल्ह्याने बिळाकडे पाहिले, सूर्याकडे पाहिले. आपल्या कानांवरून एकदा पंजा फिरवला. मग मान डोलावून, हरिणीने काढून दिलेले कर्णफूल तोंडात धरून तो जो पळाला, तो पुन्हा त्या कपारीकडे दिसला नाही.

पाडस आत गेले आणि पोटभर प्यायले. मागून ससे आले, मोर आला, साळिंदर आले. हरिणीचे दोन्ही कान मोकळे होते. ते टवकारून ती वाटेवर राखण करीत उभी राहिली.

तात्पर्य : ज्याला वस्तू हवी असते, तोच तिला आधी नावे ठेवतो. न कळलेल्या शब्दाचा अर्थ विचारायला लाजू नये, आणि अर्थ कळल्याशिवाय आपली वस्तू हातची सोडू नये.