बाईंचं ‘हं’

“मग यात माझी चूक कुठे आहे, ते सांगा ना बाई!”

शर्वरी दारातूनच बोलत आली. एक चप्पल इकडे, एक तिकडे.

कमलिनीबाई गॅलरीत वाल सोलत बसल्या होत्या. शाळेत शर्वरीला गणित त्यांनीच शिकवलं होतं.

“पाणी पी आधी.”

“नको मला पाणी.”

“मग वाल सोल.”

“बाई, मी भांडायला आलेय.”

“बरं. भांड.”

शर्वरी उभ्यानंच सुरू झाली. कॉलेजातली नोकरी सोडून तिनं घरी शिकवायला घेतलं होतं. एका वेळी एकच मूल, अगदी शेजारी बसवून. पहिली आली ती आठवीतली ओजसी.

“माझ्यासमोर ती कसलंही समीकरण सोडवते, बाई.”

“हं.”

“आणि शाळेच्या चाचणीत पेपर कोरा! दुसऱ्यांदा.”

“हं.”

“सकाळी तिच्या आईचा फोन आला. पुढच्या चाचणीपर्यंत बघू म्हणाली, मग थांबवू या. ओजसी गेली की तिच्या आईनं पाठवलेली बाकीची मुलंही जाणार. मग सगळे म्हणायला मोकळे… बघा, चांगलं कॉलेज सोडून बसली घरी.”

“हं.”

“आणि ती पोरगी ढ नाही! मी शिकवण्यात कमी पडत नाही! वर्गात साठ जणांत कोण कुणाकडे बघतं? तुम्ही तरी बघत होतात का?”

“तुझ्याकडे बघावं लागायचं. खिडकीबाहेर असायचीस.”

“मी तिची एकेक पायरी बघते. चुकली की तिथंच थांबवते. बरोबर आली की लगेच सांगते.”

“कसं सांगतेस?”

“कसं म्हणजे?”

“बरोबर आहे, हे तिला कसं सांगतेस?”

“त्यात काय सांगायचंय! नुसतं ‘हं’ म्हणते. ती पुढं जाते.”

बाईंचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

“कॉलेज का सोडलंस, ते सांग मला.”

“ते तर तुम्हाला माहीत आहे.”

“पुन्हा सांग.”

हे शर्वरीला तोंडपाठ होतं. आईवडिलांना, प्राचार्यांना, लग्नात भेटलेल्या मावश्यांना तिनं हेच ऐकवलं होतं. ऐकवताना तिचा आवाज चढायचा आणि समोरचा गप्प व्हायचा.

“वर्गात मी फळ्याशी बोलत होते, बाई. मुलांशी नाही.”

…

“म्हणजे, मागच्या बाकावरच्याला कळलं की नाही, हे मला कधी समजायचंच नाही.”

…

“समजायचं नाही म्हणजे… पेपर तपासताना समजायचं. पण तेव्हा उशीर… बाई, ऐकताय ना?”

बाईंनी खुर्ची वळवली. आता त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

“तर मला वाटलं, एकेकाला… नाही, आधी असं झालं की… चुकतंय का माझं काही?”

सोललेला वाल पातेल्यात पडला. मग आणखी एक.

“अहो, निदान ‘हं’ तरी म्हणा!”

…

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती काही चालू होईना.

शर्वरी हळूच खाली बसली. परातीतले मूठभर वाल तिनं पुढ्यात ओढले. बराच वेळ दोघी सोलत राहिल्या.

“पण मग मी काय, ओजसीला ‘हं’ न म्हणता गप्प बसून राहू?” ती म्हणाली. आवाज खाली आला होता, धार तशीच होती. “शेजारी बसून गप्प राहायची फी घेऊ? तिची आई दारात उभी राहून बघते, बाई. मी काय शिकवतेय ते बघते.”

बाईंनी पुढचा वाल उचलला.

“आणि ती रडेल. पहिल्याच पायरीला माझ्याकडे बघेल, आणि रडेल.”



शर्वरीनं हातातला वाल टाकला. उठली. एक चप्पल सापडली, दुसरी शोधायला वाकली, आणि वाकूनच म्हणाली,

“उद्या ती आली की गणित घालीन आणि आत निघून जाईन. तिच्या आईलाही घेऊन जाईन आत, चहाला. रडली तरी बाहेर यायचं नाही. उत्तर आलं की ताळा तिचा तिनं करायचा. बरोबर आहे की चूक, ते तिनं येऊन मला सांगायचं.”

चप्पल सापडली. ती दारापर्यंत गेली. थांबली. वळून बाईंच्या पाठीकडे बघत राहिली.

“बरोबर आहे ना, बाई?”

बाईंनी पातेलं हलवून वाल सारखे केले.

“दार ओढून घे,” त्या म्हणाल्या. “तू गेल्यावर सांगते.”