रेवतीची पहिली गाय

बैल नुसता फुरफुरला तरी दचकणारी रेवती कृषी कॉलेजातून शिकून आली आणि स्वतःच्या गोठ्यासाठी पहिली गाय घ्यायला आबांबरोबर गुरांच्या बाजारात गेली. ही गाय फसली, तर आबा दुसरी घेऊ देणार नव्हते.

दौलतशेठ व्यापाऱ्यानं ऐटीत एका गाईच्या पाठीवर थाप मारली. "परवाच व्यालीय. हे तिचं वासरू. दूध काढून हात दुखतील, आबा."

आबा भुलले. रेवती मात्र बघत होती, गाय वासराला चाटेना की हुंगेना. गाईच्या शिंगांपासून अंग चोरत तिनं वासराचं दावं सोडलं. ते तडक पलीकडच्या रांगेतल्या तांबड्या गाईच्या कासेला जाऊन लुचू लागलं.

माणसं हसली तसा दौलतशेठ खेकसला, "पुस्तकं वाचून गाय पारखता येत नसते, पोरी."

"खरंय काका," रेवती म्हणाली, "म्हणून तर वासराला विचारलं."