टेनाच्या उखळातली मोकळी जागा

जॉर्जियाच्या किनाऱ्यालगत कॅलो नावाचं एक लहानसं बेट आहे. होडीतून उतरून शिंपल्यांच्या चुऱ्याच्या वाटेनं वर आलं की काळ्या लोकांचं जुनं लाकडी चर्च लागतं, आणि त्याच्या अंगणात, ओकच्या झाडाखाली, एका अखंड ओंडक्यात कोरलेलं कमरेएवढं उखळ. त्याला दोन मुसळं टेकवून ठेवलेली असतात. एक जाडजूड, दुसरं मनगटाएवढं बारीक. पाहुण्यांना वाटतं, फोटो काढायला बरी जागा आहे. कुणी काठावर टेकलं रे टेकलं, की चर्चच्या पायरीवरून इयुला आजी कडाडते, “अगं ए, ऊठ आधी! ती काय खुर्ची आहे? माझ्या टेनाचं उखळ आहे ते!”

पाहुणे ओशाळतात. मग आजीचा राग निवतो आणि ती त्यांना पायरीवर बसवून गोष्ट सांगायला घेते. टेना तिची कोण लागते? तर कुणीच नाही. बेटावरचा जो तो तिला ‘माझी टेना’च म्हणतो.

असं सांगतात की त्या काळी हे सगळं बेट एका गोऱ्या मालकाचं होतं. जमीन त्याची, पाणी त्याचं, आणि जमिनीत राबणारी माणसंसुद्धा त्याचीच. आफ्रिकेतून धरून आणलेल्यांची ही लेकरं. दलदलीत उभं राहून भात लावायचं, कापायचं, झोडायचं, आणि मग बायकांनी ते उखळात कांडायचं. एका उखळाला दोघी. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली.

टेना अंगानं उंच, कमी बोलणारी. तिला एकच लेक, मिंडा. पोरीला मोठं मुसळ उचलेना, म्हणून टेनानं तिला एक बारीक मुसळ तासून दिलं. ते हलकं, त्यामुळे आईचं मुसळ वर जाऊन खाली येईपर्यंत मिंडा दोनदा मारून मोकळी व्हायची. धम्म, टकटक. धम्म, टकटक. सगळ्या बेटावर असं कुणी कांडत नव्हतं. “मुसळ आहे की सुतारपक्षी गं तुझं?” टेना चिडवायची, आणि मिंडा आणखी जोरात मारायची. पुढे पोर आईच्या खांद्याला लागली, तरी बारीक मुसळ काही तिनं सोडलं नाही.

मग मालकाच्या मुलीचं लग्न निघालं. नवरा दूर पश्चिमेला, अलाबामातला. आंदण म्हणून पलंग दिले, चांदीची भांडी दिली, आणि मिंडाला दिलं. टेनानं मालकिणीचे पाय धरले. मालकीण म्हणाली म्हणे, “अगं, चांगल्या घरी चाललीय ती, रडतेस काय अशी?” इथं इयुला आजी हमखास थांबते. “आग लागो त्यांच्या चांगल्या घराला!” असं म्हणून पदरानं पुसावं तसं एप्रनच्या टोकानं तोंड पुसते आणि पुढे सांगते.

होडी सुटली तेव्हा टेना धक्क्यावर गुडघाभर पाण्यात उतरली होती. ती ओरडली, “तुझी जागा मी मोकळी ठेवीन गं! कुणाला भरू देणार नाही!” होडीतून मिंडानंही तोंडाशी हात धरून काहीतरी ओरडून सांगितलं. पण वारं उलटं होतं. टेनाला लेकीचे ओठ हललेले दिसले, शब्द एकही कानावर आला नाही.

दुसऱ्या दिवशी टेना उखळापाशी गेली. मुसळ हाणलं, धम्म, आणि थांबली. टकटक व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढा थांबली, मग पुन्हा धम्म. संध्याकाळी तिचं माप कमी भरलं. मुकादमानं दुसरी बाई जोडीला दिली. तिनं बारीक मुसळ उचललं तशी टेनानं उखळाच्या तोंडावर स्वतःचा हात आडवा ठेवला. “मार आता,” म्हणाली. त्या बाईला रडूच कोसळलं. मुकादमानं टेनाला झाडाला बांधून चाबकानं फोडलं. जखमा ओल्या असतानाच ती पुन्हा उखळापाशी आली, आणि पुन्हा तेच. धम्म, मग थांबणं.

काहीजणी म्हणाल्या, डोक्यावर परिणाम झालाय हिच्या. पण पाठ सोलून निघाली तरी ही बाई हटत नाही, हे पाहिल्यावर बाकीच्या बायकांनाच राहवेना. माप द्यायच्या वेळी जी ती आपल्या टोपलीतले मूठभर तांदूळ तिच्या टोपलीत गुपचूप टाकू लागली. माप रोज भरायला लागलं. “काम अर्ध्या हातानं करते, आणि टोपली पूर्ण कशी?” म्हणून मुकादम डोकं खाजवायचा. आजी इथं खुदकन हसते. “त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्या बापालाही कळलं नसतं!”

वर्षं गेली. गुलामगिरीवरून युद्ध झालं, मालक पळाला, आणि माणसं स्वतंत्र झाली. झाली तशी निघालीच. कुणी आईला शोधायला, कुणी विकलेल्या लेकराला. नुसतं पायी. गावोगावच्या चर्चमध्ये हरवलेल्यांची नावं मोठ्यानं पुकारायचे, कुणाला ठाऊक आहे का म्हणून. टेनानंही गाठोडं बांधलं, धक्क्यापर्यंत गेली, आणि माघारी फिरली. “मी इकडून निघाले आणि ती तिकडून आली तर? तिला ही एकच जागा ठाऊक आहे.” आता मुकादम नव्हता, माप नव्हतं, जोडीला कुणीही आलं असतं. तरी ती एकटीच कांडत राहिली, मधली जागा सोडून. होडीतून पोर काय म्हणाली असेल, एवढंच तिच्या मनात घोळत राहायचं.

केस पिकले, डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं. अशाच एका सुगीला होडीतून एक तरुण बाई उतरली. चालून झिजू नयेत म्हणून तिनं बूट हातात धरले होते. अंगणात बायका जमल्या होत्या, त्यांच्या मागे उभी राहून ती ऐकू लागली. धम्म. धम्म. तिनं बूट खाली ठेवले, गर्दीतून पुढे गेली आणि बारीक मुसळ उचललं. “अगं, हात लावू नकोस त्याला!” बायका ओरडेपर्यंत तिनं मारलंसुद्धा. टकटक.

टेनाचं मुसळ वरच्या वर राहिलं. मग खाली आलं. धम्म, टकटक. धम्म, टकटक. उखळातलं भात पुरतं कांडून होईतो दोघी थांबल्या नाहीत.

मग टेनानं तो हात धरून चाचपला. “हा हात मिंडाचा नाही. तिच्या मनगटावर भाजल्याचा व्रण होता.”

“मी तिची लेक, आजी. रोझेटा. आई गेल्या हिवाळ्यात गेली.”

टेनानं तो हात सोडला नाही. तिनं विचारलं, “आणि हे असं मारायला कुणी शिकवलं तुला?”

“आईनंच. आमच्याकडे ती मका कांडायची. दोनदा मारायची आणि थांबायची. मी मध्ये मुसळ घालायला गेले की रागवायची. म्हणायची, तिथं तुझी आजी आहे.”

“होडीतून ओरडली होती काहीतरी. सांगितलं का तुला कधी?”

“सांगितलं ना. ‘मी पण तुझी मोकळी ठेवीन.’”

मिंडा गेल्यापासून टेनाला रडताना बेटावर कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती उखळाच्या काठाला धरून मोठमोठ्यानं रडली, आणि रडता रडताच हसली. “म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोघी कांडतच होतो की गं,” ती म्हणाली.

पुढेही दिवस काही सरळ आले नाहीत. गोऱ्यांचे नळ वेगळे, शाळा वेगळ्या, बसमधली बाकंही वेगळी. मतदानाच्या हक्कासाठी मोर्च्याला निघालेली इथली पोरं आधी या उखळावर हात ठेवून जायची, आणि मागे राहणारे म्हणायचे, “तुझी जागा मोकळी ठेवतो.” काहींच्या अजून तशाच आहेत.

आजही सुगीनंतरच्या शनिवारी घरटी मूठभर साळ या उखळात पडते. जाड मुसळ चालतं, बारीक नुसतं उभं असतं, आणि मधल्या त्या थांबण्यात तान्ही पोरंसुद्धा गप्प होतात, असं म्हणतात. शिकागोहून, डेट्रॉइटहून आपली माणसं शोधत कुणी पहिल्यांदा आलं, तर ते बारीक मुसळ त्याच्या हातात देतात. एखाद्या वर्षी कुणीच येत नाही. मग सगळं भात तसंच, थांबत थांबत कांडतात.

पाहुणे विचारतात, “रोझेटा तर आली होती ना? मग आता कुणाची वाट बघता?”

इयुला आजी डोळे वटारते. “नेल्या किती जणी, आणि आली ती एकटी रोझेटा. बाकीच्यांच्या जागा काय आम्ही भरून टाकायच्या?” असं म्हणून ती उठते, उखळापाशी जाते आणि एप्रनच्या टोकानं बारीक मुसळावरची धूळ पुसते.