बाजारतळाची उधार सावली

फार पूर्वी, म्हणजे म्हाताऱ्यांचं ऐकणं सक्तीचं होतं त्या काळी (आजही आहेच म्हणा), एका ओढ्याच्या पश्चिम काठावर एक गाव होतं. तिथे दर मंगळवारी बारा गावांचा बाजार भरायचा. गाव काही थोर नव्हतं. बाजारतळावर चिंचेची नऊ जुनी झाडं होती, आणि त्यांच्या सावलीत बैल टेकायचे, गाडीवान टेकायचे, म्हणून बाजारही टेकला होता. बस, एवढंच गावाचं कर्तृत्व. तेही झाडांचं.

गावाचा कारभार पंचांकडे होता. पाटील, जोशीबुवा आणि सावकार असे तिघे. तिघांची वयं मिळून दोनशे दहा, आणि अक्कल मिळून किती, ते पुढे कळेलच.

पंचांनी पाटलाच्या पोराच्या लग्नात दोन चिंचा तोडल्या, मांडवासाठी. तीन तोडल्या चावडीच्या तुळयांसाठी. उरलेल्या चार तोडून बाक केले. बाक कशाला, तर झाडाखाली बसायला.

बाकांवर ऊन पडलं तेव्हा पंच म्हणाले, "हल्ली उन्हाळाच फार वाढलाय बुवा."

त्या बाजारात एक कासारीण लाखेच्या बांगड्या विकायची. चिंचा होत्या तोवर बायका तिच्यासमोर तासतासभर बसायच्या, बांगड्या भरायच्या, सासवांच्या चहाड्या सांगायच्या. चिंचा गेल्या आणि वैशाखात लाख मऊ पडू लागली. बारा बांगड्यांची एक बांगडी व्हायची. बायका उभ्या उभ्याच भाव विचारून निघून जायच्या. गाडीवानही कुरकुरायला लागले. बाजार मोडला तर कासारीण पोटाला काय खाणार होती? चिकटलेल्या बांगड्या?

तेवढ्यात राजाचा दूत आला. सोबत एक पैशांची थैली आणि गाडीभर रोपं. करंज, कडुनिंब, जांभूळ. दूताने वाचून दाखवलं, "ओढ्याकाठच्या सर्व वस्त्यांना कळावे. सात वर्षांनी वैशाखात मोजणी होईल. ज्या गावच्या जमिनीवर शंभर गाड्या उभ्या राहतील एवढी सावली असेल, तिथे बारा गावांचा बाजार कायमचा भरेल आणि राजा तिथे तळं बांधून देईल. थैली आणि रोपं सुरुवातीला मदत म्हणून."

कासारीण धावत चावडीवर गेली. "पाटीलबाबा, आजच खड्डे घ्या. सात वर्षांत करंज छपराएवढा होतो."

पाटील म्हणाला, "सात वर्षं? तोवर आम्ही असू का?"

"तुम्ही नसाल, पण बाजार असायला नको का?"

"जीभ आवर," सावकार म्हणाला. "बांगड्या विकणाऱ्या बाईला झाडांतलं काय कळतं?"

"जे तोडणाऱ्याला कळत नाही, तेवढं कळतं."

जोशीबुवांनी हात वर केला. हात वर केला की शहाणपण येतं, असा त्यांचा समज होता. "या प्रश्नाला समिती नेमली पाहिजे."

समिती नेमली. समितीत तेच तिघे. थैलीतून आधी समितीला पागोटी आली, मग स्वागताची कमान आली, मग वृक्षारोपणाचा सोहळा झाला. बाजारतळाच्या मधोमध एक खड्डा, एक रोप, तीन भाषणं. चौथ्या दिवशी शेळीने रोप खाल्लं. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप, तीच भाषणं, तीच शेळी. खड्डा नवा काढायचा नाही, हे समितीने एकमताने ठरवलं होतं. काटकसर म्हणून.

बाकीची रोपं पहिल्याच वर्षी चावडीमागे सुकत पडली होती. कासारीण म्हणाली, "मला तरी द्या."

"हात लावायचा नाही. सरकारी मालमत्ता आहे."

"मग पाणी तरी घाला."

"पाण्याची तरतूद नाही."

आठ दिवसांनी पानं गळाली. समितीने जाऊन पाहणी केली आणि रोपं मेल्याचं जाहीर केलं. "आता ने हवी तर. चुलीला होतील." मुळांकडे कुणी पाहिलंच नाही. वाकावं लागलं असतं.

कासारणीने साठ रोपं टोपल्यांत भरली. पण लावायची कुठे? गावच्या जमिनीत लावायला समितीची परवानगी हवी, आणि समिती दुपारी झोपायची, सकाळी पूजेला असायची, संध्याकाळी दमलेली असायची. म्हणून ती ओढा ओलांडून पलीकडच्या गवळ्यांच्या वस्तीत गेली. तिथली कारभारीण एक ऐंशी वर्षांची गवळण होती. म्हातारी होती, पण समितीत कधी बसली नव्हती, त्यामुळे डोकं शाबूत होतं.

"आजी, काठावर झाडं लावू का?"

"लाव की. म्हशींना दुपारची सावली नाही. दूध आटतंय."

"मोठी व्हायला सात वर्षं लागतील."

"म्हशी कुठे जातात सात वर्षं? माझं नको धरूस, मी मोजणीतली नाही. शेण मी देते, पाणी तू घाल."

साठातली वीस खरंच मेली होती. चाळीस फुटली. कासारीण दर संध्याकाळी ओढ्यातून घागरी न्यायची, बाभळीच्या काट्यांचं कुंपण करायची. अलीकडच्या काठावर बाकांशी उभे राहून पंच हसायचे. सावकार ओरडायचा, "अगं ए कासारणी, लोकांच्या जमिनीवर झाडं लावून तुला काय मिळणार?"

"तुम्हाला आपल्या जमिनीवर तोडून काय मिळालं? बाक! टेका आता, तापलाय का बघा."

टेकले की पंच टुणकन उठायचे. वैशाखातलं चिंचेचं लाकूड ते, तव्यासारखं तापायचं.

सात वर्षं गेली. मोजणीदार येतोय अशी वर्दी आली. बाजारतळावर सावली होती फक्त कमानीची. तिघांची गाळण उडाली. आणि इथेच, आयुष्यात एकदाच, समितीने झपाट्याने काम केलं.

जोशीबुवा म्हणाले, "फर्मानात वेळ लिहिलेली नाही. दुपारी बाराला सावली पायाखाली असते. मावळतीला ती लांबच लांब होते. मोजणी मावळतीला करायची!"

"वा!" पाटील म्हणाला. "आणि सावली कशाची?"

"उंच बांबू रोवू. वर घोंगड्या बांधू."

थैलीतले उरलेसुरले पैसे बांबूत गेले. मोजणीदार सकाळी आला, पण मावळतीपर्यंत त्याला अडकवणं भाग होतं. म्हणून सत्कार सुरू झाला. ऐन वैशाखात त्याच्या अंगावर चौदा शाली चढवल्या. मोजणीदार घामाने निथळत होता. दुपारी भाषणांची दुसरी फेरी सुरू होताच तो "हात धुऊन येतो" म्हणून ओढ्याकडे गेला आणि दोन तासांनी ताजातवाना होऊन परतला. पंचांनी विचारलंही नाही कुठे होतास म्हणून. त्यांची भाषणं चालूच होती.

सूर्य कलला. बांबूंच्या, घोंगड्यांच्या सावल्या सरपटत लांब झाल्या. कमी पडायला नको म्हणून तिघे पंच बाकांवर उभे राहिले, पागोट्यांसकट, हात पसरून. त्या बाकांचा पहिला उपयोग तो.

मोजणीदाराने दोरी टाकली. बांबूंच्या बुंध्यापासून निघाला तो सावलीमागे चालत राहिला, ओढ्यात उतरला, पलीकडे चढला आणि ओरडला, "इकडच्या काठावर वीस गाड्यांची सावली आहे!"

"आणि इकडे?" पाटलाने विचारलं.

"तिकडे बांबूएवढी बारीक. गाडी काय, उंदीर मावणार नाही. सगळी सावली पूर्वेला पडली. या काठाची जमीन कुणाची?"

कासारीण तिथेच घागर घेऊन उभी होती. "गवळ्यांची," ती म्हणाली.

"मग सावली गवळ्यांची."

जोशीबुवा बाकावरूनच किंचाळले, "पण बांबू आमचे आहेत!"

"फर्मान सावलीचं आहे बुवा, बांबूचं नाही." मोजणीदाराने चोपडी उघडली. "दुपारी मी याच झाडांखाली झोपलो होतो. झोपण्याआधी मोजणी केली. चाळीस झाडं, ऐंशी गाड्या. वीस कमी पडत होत्या, मला वाईट वाटत होतं. त्या वीस तुम्ही भरून दिल्यात. शंभर झाल्या. बाजार गवळ्यांच्या वस्तीला, तळंही तिथेच."

पंच अजून हात पसरूनच उभे होते. पाटील दबक्या आवाजात म्हणाला, "हात खाली घेऊ का?"

"आता घेऊन काय उपयोग?" सावकार म्हणाला.

पुढच्या मंगळवारी बाजार ओढ्यापलीकडे भरला. कासारणीच्या बांगड्या सुट्या राहिल्या, बायका फतकल मारून बसल्या, चहाड्या जोरात सुरू झाल्या. भर दुपारी तिघे पंच ओढा ओलांडून आले आणि सावलीत बसायला लागले.

"थांबा," कासारीण म्हणाली. "वीस गाड्यांची सावली उधारीची आहे, ती संध्याकाळीच पडते. ती खरी करायला दहा नवी झाडं लावलीत. इथे बसायचं तर आधी एकेक घागर तिकडे घालायची."

"आम्ही? या वयात?"

"या वयात हात पसरून बाकावर उभे राहिलात की."

बाजार हसला. तिघांनी घागरी उचलल्या. पाटील धापा टाकत पहिल्या रोपाजवळ पोचला, पाणी घातलं, आणि सवयीने म्हणाला, "ही मोठी होईपर्यंत आम्ही असू का?"

म्हशीला चारा घालता घालता म्हातारी गवळण म्हणाली, "नसलास तर घागर दिसेल अशी ठेवून जा. दुसरा कुणीतरी उचलेल."

पाटलाने शेजारच्या करंजाचं खोड निरखलं, हाताने चाचपलं आणि हळूच म्हणाला, "याचा बाक मात्र झकास होईल."

त्या दिवशी त्याला आणखी चार घागरी घालाव्या लागल्या.

तात्पर्य: सावली मोजायची तर भर दुपारी मोजा. आणि "तोवर आम्ही असू का" हा प्रश्न झाड लावताना नाही, कुऱ्हाड उचलताना विचारा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे जरा मोठ्याने वाचून दाखवा, कामाचं तेवढं त्यांना कमी ऐकू येतं.